तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन वर्षं गिऱ्हाईक नाही: आमच्या एजंट ताईंचा रिव्ह्यू

सिंहगड रोडवरचा बाबांचा टू बीएचके एकदाचा विकला गेला आणि तेव्हापासून नातेवाईक, ऑफिसातले, बाबांच्या कट्ट्यावरचे सगळे एकच विचारतायत की एजंट कोण होती, किती घेतले, काय जादू केली. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतेय. नाव-नंबर इथे जाहीर टाकणार नाही, ताईंनीच सांगितलंय की असे उघड्यावर नंबर टाकले की नुसते टाइमपासवाले फोन येतात. त्यांच्या आधीच्या एजंटचंही नाव टाकत नाही, माणूस म्हणून वाईट नव्हता, कामाचा नव्हता एवढंच.

तर आधी फ्लॅट काय होता ते ऐका. आनंदनगरच्या आतल्या गल्लीत, १९९६ ची बिल्डिंग, खाली पार्किंग आणि वर तीन मजले, आमचा तिसरा. लिफ्ट नाही. अ‍ॅग्रीमेंटवर ७८० स्क्वेअर फूट सेलेबल, प्रत्यक्षात कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ५८५. हवा उजेड मस्त, पाणी कधी कमी पडलं नाही, भाजी-दूध-मेडिकल सगळं खाली उतरलं की समोर. आई गेल्यानंतर बाबा एकटेच राहायचे, गुडघे गेलेले, तीन जिने दिवसातून एकदाच चढायचे आणि मी ठाण्याला, त्यामुळे हा विकून माझ्याजवळ एखादा वन बीएचके घ्यायचा असं ठरलं. बाबांनी भाव ठरवला ७८ लाख. का तर मागच्या गल्लीतल्या नव्या टॉवरमध्ये टू बीएचके ९५ ला गेला असं कुणीतरी देवळात सांगितलं. त्या टॉवरला दोन लिफ्ट आहेत, कव्हर्ड पार्किंग आहे, जिम आहे, हे सांगून उपयोग नव्हता. बाबांचं म्हणणं आमच्या भिंती जाड आहेत.

पहिल्या एजंटने काय केलं, तर आला, मोबाईलवर पाच फोटो काढले, त्यातल्या एकात बाल्कनीत वाळत घातलेले बाबांचे बनियन आणि एकात कमोडचं झाकण उघडं, आणि हे फोटो त्याने एजंट लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडून दिले. झालं त्याचं काम. पुढे काय होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. ग्रुपवरून दहा एजंट तोच फ्लॅट उचलतात आणि आपापल्या नावाने पोर्टलवर चढवतात. म्हणजे आमचा एकच फ्लॅट पोर्टलवर सात-आठ फ्लॅट होऊन बसला, कुठे ७८, कुठे ७४, एका शहाण्याने ८१ लावला, एकाने लिफ्टच्या पुढे टिक केलेली, एकाने तर हॉलचा फोटो भलत्याच घराचा टाकलेला. आता घेणारा माणूस काय विचार करेल? त्याला वाटणार काहीतरी गडबड आहे, नाहीतर सगळ्यात कमी आकडा दिसतोय तिथून खाली पाडायला सुरुवात करू. आणि लिफ्ट आहे असं वाचून आलेली माणसं दुसऱ्या मजल्यावर दम खात उभी राहायची, तिथूनच फोन करायची की राहू द्या. काही तर फोनही न करता परत.

मधे एका पोर्टलचं पेड पॅकेज पण घेऊन झालं. फोन भरपूर आले, त्यातले निम्मे इतर एजंटचे आणि उरलेले पेंटिंग आणि पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचे. पैसे वाया, जास्त लिहीत नाही.

एक गिऱ्हाईक मात्र खरं आलं होतं. ७० ला तयार, टोकन दिलं, लोनची फाइल टाकली. आणि बँकेच्या वकिलाने टायटल बघून अडवलं, कारण फ्लॅट आई आणि बाबा दोघांच्या नावावर, आई गेलेली, आणि तिच्या वाट्याचं पुढे काय झालं याचा एकही कागद नाही. गिऱ्हाईक थोडे दिवस थांबलं, मग टोकन परत मागून गेलं. एजंटला विचारलं तर म्हणाला, "काका भाव जरा कमी करा, होऊन जाईल." भाव! अहो भावाने नाही अडलं ते. पण प्रत्येक वेळी त्याचं उत्तर हेच, फोन नाही आले तर भाव कमी करा, फोन आले आणि माणसं नाही आली तरी भाव कमी करा.

ताई आम्हाला मिळाल्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंकडून. पन्नाशीच्या बाई, स्कूटरवरून फिरतात, ऑफिस म्हणजे एक छोटा गाळा. पहिल्यांदा आल्या तेव्हा गिऱ्हाईक वगैरे काही आणलं नाही. टेप घेऊन आल्या. प्रत्येक खोली स्वतः मोजली, बाबांना टेपचं दुसरं टोक धरायला लावलं, मग डायनिंग टेबलवर बसल्या आणि म्हणाल्या काका फाइल आणा. बाबांची फाइल म्हणजे कापडी पिशवी, त्यात लाइट बिलं, आईचे रिपोर्ट, एलआयसी, सगळं एकत्र. ताईंनी चष्मा लावून टेबलावर तीन गठ्ठे केले, घराचे कागद, घराचे नसलेले कागद, आणि जे असायला पाहिजेत पण नाहीत त्यांच्यासाठी एका कोऱ्या कागदावर यादी. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हातात घेतलं, बोट ठेवलं आणि विचारलं, "पहिलं नाव काकूंचं आहे. काकू कधी गेल्या?" बाबांनी सांगितलं. "मग विकणारे कोण कोण?"

बघा, इतके महिने फ्लॅट बाजारात होता, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे किती द्यायचाय, कधी द्यायचाय, फर्निचर सकट का. विकणारे कोण हे कुणाला माहीतच करून घ्यायचं नव्हतं. सोसायटीत आईने नॉमिनी बाबांना केलं होतं म्हणून आम्हाला वाटायचं विषय संपला. ताईंनी सांगितलं नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीला व्यवहार कुणाशी करायचा एवढंच त्यातून कळतं, आईच्या अर्ध्या वाट्याला बाबा, मी आणि माझा भाऊ असे तिघं वारस. आणि भाऊ जर्मनीत. इथे त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विकणारा भारतातच राहणारा असेल तर ५० लाख आणि वरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, फॉर्म भरतो, मोकळा होतो. पण विकणाऱ्यांत एक जण जरी एनआरआय निघाला तर त्याच्या वाट्याला वेगळा नियम लागतो, टीडीएस बराच जास्त, घेणाऱ्याला कागदपत्रांचे जास्तीचे उपद्व्याप. साधा नोकरदार माणूस हे ऐकूनच पळतो. त्यामुळे मी आणि भाऊ दोघांनी बाबांच्या नावाने हक्कसोडपत्र करून द्यायचं, म्हणजे विकणारा एकच, बाबा. भाऊ गणपतीला येणारच होता, तेव्हाच हवेलीच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन उरकलं. तो येणार नसता तर तिकडच्या आपल्या दूतावासातून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी अटेस्ट करून पाठवायची आणि ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे तिचा स्टॅम्प भरायचा, असा दुसरा रस्ता होता, तोही त्यांनी सांगून ठेवला होता. हे ताईंनी स्वतः नाही केलं हां, वकील आणि सीए त्यांनी सुचवले, फी आम्ही वेगळी दिली. पण कुठे जायचं हे तरी कुणी सांगितलं!

बाकी यादीत काय होतं, तर ९६ च्या अ‍ॅग्रीमेंटची रजिस्ट्रेशनची पावती हरवलेली, त्यामुळे नक्कल काढायची, महापालिकेचं कम्प्लिशन सर्टिफिकेट, प्रॉपर्टी टॅक्सची थकबाकी नसल्याचा दाखला. आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. ते काही आम्ही एकट्याने करून होणारं नाही, पण ताई म्हणाल्या लपवायचं नाही, पहिल्याच भेटीत सांगायचं. लपवलं की वकील काढतोच आणि मग माणूस बाकीच्या गोष्टींवर पण विश्वास ठेवत नाही.

आता भाव. इथे खरा ड्रामा झाला. बाबा ७८ वर ठाम, निदान ७५. ताई वाद घालत बसल्या नाहीत. पुढच्या वेळी येताना प्रिंटआउट घेऊन आल्या, आमच्याच गल्लीतल्या आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या व्यवहारांचे इंडेक्स टू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नोंदणी झालेल्या प्रत्येक व्यवहाराचा इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक दोन असते, त्यात मोबदला किती, सरकारी बाजारभाव किती, क्षेत्रफळ किती, तारीख कोणती सगळं असतं आणि नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट शोधता येतं, साइट चालू असली तर. पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव, इथे दिसतो तो कागदावर झालेला. ताईंनी एकेक कागद बाबांपुढे ठेवला, हा बघा काका पहिला मजला, हा लिफ्टवाला, हा तुमच्यासारखाच तिसरा. तिसऱ्या मजल्यावाल्याच्या आकड्यावर पेनाने गोल. ६३. बाबा म्हणाले त्याने ब्लॅक घेतला असेल वरून. ताई म्हणाल्या घेतला असेल, पण तुमच्याकडे येणारा लोनवाला येणार, त्याच्याकडे वरचा पैसाच नाही. बाबा उठून आत गेले आणि रेडिओ मोठ्याने लावला. मी चहा टाकला.

त्या दिवशी ठरलं नाही. दोन-तीन दिवसांनी बाबांचा मला फोन, ती बाई उर्मट आहे पण कागद खरे आहेत. मग ६६ ठरला. ६६ च का, तर ताईंचं म्हणणं लोक पोर्टलवर फिल्टर लावतात, ५० ते ६०, ६० ते ७०, ७१ लावला तर ७० पर्यंत बजेट असलेल्या माणसाला तुम्ही दिसतच नाही आणि ८० बजेट असलेला माणूस लिफ्टवालाच घेणार. त्याच बरोबर त्यांनी रेडीरेकनरचा म्हणजे सरकारी दराचा हिशोब पण तपासला, कारण सरकारी मूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं तर विकणाऱ्याला कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, त्या सरकारी मूल्यावर धरतात. आमच्या बिल्डिंगला वयाचा घसारा धरून आकडा बराच खाली होता, त्यामुळे भीती नव्हती. हे पण आधीच्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, "कमी करा" म्हणायला काय जातं.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी ऐकून आम्ही चाट पडलो. फ्लॅट बाजारातून काढूनच टाकला. सगळ्या एजंटना फोन लावून लावून जुन्या लिस्टिंग डिलीट करायला लावल्या, ऐकेना त्यांच्या पोर्टलला रिपोर्ट टाकले, आणि आमच्याकडून तीन महिन्यांचं लेखी घेतलं की या काळात दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. मला हे लेखी प्रकरण सुरुवातीला पटलं नव्हतं, अडकल्यासारखं वाटलं. पण विचार केला तर बरोबर आहे, दहा जणांना दिलेला फ्लॅट कुणाचाच नसतो, कुणी त्याच्यावर रुपया खर्च करत नाही. पितृपक्षात तसंही कुणी घर बघत नाही, तो पंधरवडा त्यांनी दुरुस्तीला वापरला.

दुरुस्ती म्हणजे काय मोठं इंटिरियर नाही. बाथरूमच्या छताला ओलीचा पिवळा डाग होता, येणारा प्रत्येक जण मान वर करून तोच बघायचा. मी म्हणलं रंग मारून टाकू. ताई म्हणाल्या अजिबात नाही, "आधी गळती थांबवा, मग रंग. नाहीतर पहिल्या पावसात त्याचा फोन तुम्हाला नाही, मला येईल." आमच्या वर गच्चीच आहे म्हणजे गळती सोसायटीची, सेक्रेटरी काका किती दिवस बघू-बघू करत होते. ताईंनी त्यांच्याकडे बसून वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन मांडलं, निम्मे सोसायटी निम्मे आम्ही असं तोडून आल्या. झालं चार दिवसात. मग हॉलला पांढरा रंग, दोन ट्यूब काढून एलईडी, आणि बेडरूममधलं आईचं गोदरेजचं कपाट दारामागे होतं ते हलवलं तर खोली केवढी मोठी दिसायला लागली. फोटो स्वतः ताईंनी काढले, सकाळी नऊला, कारण पूर्वेच्या खिडकीतून ऊन तेव्हा ओट्यापर्यंत येतं.

आणि मग बाबांचं काय करायचं हा प्रश्न. बाबा म्हणजे गप्पिष्ट, त्यात घर त्यांचं. कुणी बघायला आलं की बाबा त्यांना सोफ्यावर बसवून इथे कोण कसं भांडतं, अमुक फ्लॅटवाल्याने मेंटेनन्स किती थकवलाय, सिंहगड रोडचं काम चाललं होतं तेव्हा धुळीने कसा खोकला लागला, सगळं सांगणार. खोटं काही नाही त्यात, पण कोण घेईल मग? ताईंनी सरळ सांगितलं, "काका, बघायला माणसं येतील तेव्हा तुम्ही घरात नको." बाबा इतके भडकले, माझ्याच घरातून मला बाहेर काढते ही. शेवटी तोडगा असा निघाला की ताई भेटी संध्याकाळीच ठेवणार आणि त्या वेळात बाबा पु. ल. देशपांडे उद्यानात त्यांच्या मित्रांबरोबर. किल्ली ताईंकडे. नंतर नंतर बाबा स्वतःच विचारायला लागले, आज कुणी येतंय का, मी जाऊ का बागेत.

संध्याकाळीच का, तर हे मला फार आवडलं. सिंहगड रोडचा ट्रॅफिक संध्याकाळी साडेसहाला काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, राजाराम पुलाचा उड्डाणपूल २०२४ मध्ये सुरू झाला तरी आहेच. कुठलाही एजंट गिऱ्हाईकाला रविवारी सकाळी आणतो, रस्ता मोकळा असताना. ताई मुद्दाम गर्दीच्या वेळेला बोलवायच्या. आणि फोनवर पहिलं वाक्य, नमस्कार वगैरे झालं की, "तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, जिने अठ्ठेचाळीस आहेत, चालतील का?" पायऱ्या म्हणायच्या ऐवजी त्या जिनेच म्हणतात. निम्मे फोन तिथेच संपायचे. आम्हाला वाटायचं ही गिऱ्हाईक तोडतेय. पण जी माणसं येत होती ती वरपर्यंत चढून येत होती, हॉलमध्ये टेकून बसत होती, किचनमध्ये ओट्याची उंची बघत होती. आधी भेटी दुप्पट आणि बसणारा कुणी नाही, आता भेटी कमी आणि प्रत्येक जण अर्धा तास.

दर रविवारी रात्री ताईंचा मेसेज यायचा, या आठवड्यात फोन किती, आलेले कोण, काय म्हणाले. जसंच्या तसं. "सासूला जिने झेपणार नाहीत." "पार्किंग कागदावर आहे का विचारलं." "किचन आवडलं, भाव नाही." गोड करून सांगणं नाही. पार्किंगचा प्रश्न तीनदा आला म्हणून त्यांनी सोसायटीकडून आमच्या पार्किंगच्या वाटपाचं पत्र काढून घेतलं, कारण आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगखालचं पार्किंग वेगळं विकता येत नाही, २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर बिल्डरलाही नाही, त्यामुळे एजंट लोक "पार्किंगसकट" म्हणतात त्याला कागदाचा आधार काय हे घेणारे हल्ली विचारतात.

घेणारे शेवटी कोण मिळाले तर दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहणारं जोडपं, मुलगी जवळच्याच शाळेत. ताईंचा हिशोब पहिल्यापासून हाच होता, लिफ्ट नसलेला तिसरा मजला हिंजवडीच्या माणसाला विकला जाणार नाही, इथेच राहणाऱ्याला विकला जाईल, ज्याला ट्रॅफिक, पाणी, शाळा सगळं माहितीय आणि जो आत्तासुद्धा दुसरा मजला चढतोच आहे. त्यांनी आजूबाजूच्या भाड्याच्या फ्लॅटवाल्यांना, त्यातले बरेच त्यांनीच लावून दिलेले, एकेकाला फोन केले होते. पोर्टलवर केलेल्या सगळ्या खर्चापेक्षा हे कामाला आलं.

टोकन घ्यायच्या आधी ताईंनी त्यांच्याकडून बँकेचं सँक्शन लेटर मागितलं, आणि नुसतं माणसाच्या पगारावरचं नाही, या बिल्डिंगला बँक लोन देते का हेही विचारून घेतलं. जुन्या बिल्डिंगला बँका शिल्लक आयुष्य बघतात आणि लोनची मुदत त्याच्या आत बसली पाहिजे, काही बँका सरळ नाही म्हणतात. कन्व्हेयन्सचं पण आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे वकिलाने विचारलं तेव्हा कुणी दचकलं नाही.

भावात शेवटी गाडी अडली. ते ६४ वर, बाबा ६५ वर, आणि दोघंही मागे यायला तयार नाहीत. बाबांचा तर आता आकड्याचा प्रश्न राहिला नव्हता, अब्रूचा झाला होता. ताई जोडप्याला म्हणाल्या, घर कुणाच्या नावावर घेताय? दोघांच्या. पुण्यात स्टॅम्प ड्युटी एकूण ७ टक्के पडते, मेट्रोचा सेस धरून, आणि घेणारी फक्त बाई असेल तर १ टक्का सूट. नवरा-बायको दोघांचं नाव घातलं की सूट गेली. ६४.५० वर १ टक्का म्हणजे ६४,५०० रुपये. तुम्ही ५० हजार वर चढा, काका ५० हजार खाली येतील, वहिनींच्या एकटीच्या नावावर घ्या, तुमचे उलट वाचतात. नवरा जरा विचारात पडला, बायको अजिबात पडली नाही. त्यांनी बँकेत विचारलं, नवरा लोनला को-अ‍ॅप्लिकंट राहिला तर बँकेला चालतंय म्हणाले. साडेचौसष्टला झालं.

मधे नवऱ्याच्या काकांनी एक पुडी सोडली होती की दहा लाख कॅश देतो, कागदावर कमी दाखवा. बाबांचे डोळे चमकले होते, खोटं कशाला बोलू. ताईंनी तिथल्या तिथे तोडलं, घराच्या व्यवहारात २० हजार आणि वरची रक्कम रोखीत घेतली तर पैसे घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, म्हणजे काका दंड तुम्हाला, त्यांना नाही. विषय संपला.

सोसायटीने ट्रान्सफर फीचे १ लाख मागितले होते, देणगी म्हणून. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, ९ ऑगस्ट २००१ चं सहकार खात्याचं परिपत्रक आहे, आणि ताईंच्या डिकीत त्याची झेरॉक्स कायम असते म्हणे. सेक्रेटरी काकांनी दोनदा वाचली, मग म्हणाले गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आम्ही पैसे घातले ते तरी बघा. ताई म्हणाल्या निम्मे यांनी घातलेत, पावती आहे. २५ हजारांवर आले.

आता जे नाही आवडलं ते. एक, ब्रोकरेज दोन्हीकडून घेतात. आमच्याकडे २ टक्के मागितले, घासाघीस करून दीडवर आणले, तिकडून किती घेतले ते सांगितलं नाही. पुण्यात सगळेच असं करतात हे मान्य, पण मग भाव तोडताना त्या नक्की कुणाच्या बाजूने होत्या असा किडा डोक्यात राहतोच. साडेचौसष्टऐवजी ६५ झाले असते का? माहीत नाही, आणि त्यांना लवकर व्यवहार झालेला बरा हे उघड आहे. दोन, जीएसटी. दीड टक्का म्हणजे ९६,७५० हे डोक्यात धरून बसलो होतो, बिल आलं त्यात १८ टक्के जीएसटी, एकूण १,१४,१६५. कायद्याने बरोबर आहे, पण ठरवताना बोलायला काय झालं होतं? कागद-कागद करणाऱ्या बाईकडून हे अपेक्षित नव्हतं. बाबा अजून त्यावर बोलतात.

तीन, रजिस्ट्रेशन झालं, चेक मिळाला की ताई गायब. लाइट मीटरचं नाव, प्रॉपर्टी टॅक्सचं नाव, गॅस, यातलं काही त्या करून देत नाहीत, फोन उचलतात पण "ते आता ऑनलाइन होतं ताई" एवढंच. घेणाऱ्या वहिनींना मीच बसून करून दिलं. आणि बोलणं. बोलणं खरंच तोडून असतं, ज्यांना गोड बोलणारा एजंट लागतो त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नका, आमच्या आत्याने एकदा फोनवर बोलून ठेवूनच दिला.

टॅक्सचं काही त्या सांगत नाहीत, सीएकडे पाठवतात, ते मला बरंच वाटलं. आमच्यासारख्या जुन्या घराला २०२४ च्या जुलैनंतर दोन पर्याय आहेत, इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) न घेता साडेबारा टक्के किंवा घेऊन २०, आणि बाबा ठाण्यात दुसरं घर घेतायत त्यामुळे तेवढ्या रकमेची सूट, तर हे सीएकडूनच करून घ्या, एजंटच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका.

महारेराचं, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाचं, विचाराल तर त्यांच्याकडे रजिस्ट्रेशन आहे, नंबर बिलावर छापलेला आहे. जुन्या रीसेलला ते सक्तीचं नाही, नव्या प्रोजेक्टला लागतं, पण २०२३ पासून एजंटना ट्रेनिंग आणि परीक्षा आली ती पन्नाशीत देऊन पास झालेली बाई आहे, एवढं मला पुरे.

पाचपैकी चार. एक स्टार जीएसटीचा कापला.

आणि हो, त्या फक्त राजाराम पूल ते वडगाव एवढंच घेतात, त्यातही मेन रोडच्या पलीकडे कालव्याच्या बाजूला फारशा जात नाहीत. कोथरूडवाल्यांनी आणि वाकडवाल्यांनी मला नंबर मागू नका, मावशीसाठी मी स्वतः विचारून बघितलं होतं, म्हणाल्या तिथले इंडेक्स टू मला पाठ नाहीत.